किल्लीदाराची दिलगिरी

परगावी गेलेल्या स्नेह्याचे घर राखताना त्यातली एखादी वस्तू फुटणे, जळणे, सुकणे किंवा बुरसणे, आणि तो परतल्यावर त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करणे, हा शहरी मराठी मैत्रीतला एक रीतसर विधी आहे. मुंजीसारखी त्याचीही क्रमवारी ठरलेली असते. फक्त सांगायला भटजी नसतो.

या विधीचा उगम फ्लॅटमध्ये आहे. वाड्यात किंवा चाळीत घर सहसा पूर्ण रिकामे पडत नसे. एखादी आत्या, एखादी आजी मागे उरायचीच, आणि जे काही फुटायचे ते तिच्या देखत घरातल्याच माणसांकडून फुटायचे. पुढे मुले परदेशी गेली, फ्लॅटमध्ये दोघेच उरले आणि तेही लेकीच्या बाळंतपणाला किंवा नातवाला सांभाळायला जाऊ लागले, तेव्हा कुलूपबंद घर आणि ते उघडणारे बाहेरचे माणूस ही जोडी जन्माला आली. मुक्काम किती दिवसांचा, हे अमेरिकेचे इमिग्रेशन खाते ठरवते. पाहुण्यांच्या व्हिसावर एका खेपेला साधारण सहा महिने राहू देतात, आणि तिकिटाला एवढे पैसे मोजल्यावर त्यातले पंधरा दिवस सोडून परत येणे पुण्याच्या माणसाला जमत नाही. तिकडची थंडी चुकवायची म्हणून जाणे एप्रिल-मेमध्ये आणि येणे दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे घर बंद राहते ते नेमके पावसाळ्यात. भिंती ओल धरतात, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी चढते, वाळवीला निवांतपणा लाभतो आणि पार्किंगमधल्या गाडीच्या वायरी उंदरांना. त्यामुळे कुणीतरी आठवड्यातून दोनदा जाऊन खिडक्या उघडणे भाग असते. हे कुणीतरी म्हणजे किल्लीदार.

किल्लीदार म्हणून नातेवाइकांचा विचार सहसा होत नाही, कारण नातेवाईक कपाटे उघडून पाहतात असा सार्वत्रिक समज आहे. शेजारी चालले असते, पण शेजाऱ्यांना किल्ली दिली की घरात काय काय आहे ते गणपतीच्या मीटिंगपर्यंत अख्ख्या सोसायटीला कळते. उरते ती मैत्रीण. एकाच शाळेत वीस-पंचवीस वर्षे शिकवलेली किंवा एकाच बँकेत शेजारच्या काउंटरवर बसलेली, रिक्षाने दहा मिनिटांवर राहणारी, आणि मुख्य म्हणजे जिची मुले अजून भारतातच आहेत अशी. मोबदला नसतो. मोबदल्याचा नुसता विषय काढणे हा अपमान समजला जातो. पुढच्या सगळ्या गुंतागुंतीचे मूळ इथेच आहे. फुकट काम करणाऱ्या माणसाला रागावता येत नाही, आणि ज्याला कुणी रागावलेच नाही त्याला सुटल्यासारखेही वाटत नाही.

किल्ली हातात पडते ती प्रयाणाच्या आदल्या संध्याकाळी. हॉलमध्ये चार बॅगा उघड्या असतात, प्रत्येकी तेवीस किलोंच्या हिशेबात मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी बसवण्याचे काम चालू असते, आणि त्या गर्दीतच मालकीण सूचना देते. मुख्य सूचना चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चिकटवलेल्या असतात. कुंड्यांना पाणी. गाडी आठवड्यातून एकदा सुरू करून थोडी फिरवणे, नाहीतर बॅटरी उतरते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी. बाथरूमच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतणे, कारण जाळीखालच्या ट्रॅपमधले पाणी सुकले की ड्रेनेजचा वास आणि झुरळे दोन्ही वर येतात. ही शेवटची सूचना जिच्या चिठ्ठीत असते ती मालकीण अनुभवी समजावी. चिठ्ठीत नसलेली एकच सूचना तोंडी दिली जाते, तीही लिफ्टपाशी: “आणि हे बघ, अगदी तुझंच घर समज.” बहुतेक नुकसान या वाक्यामुळे होते.

कारण किल्लीदाराच्या दुर्लक्षाने होणारे नुकसान थोडे असते आणि त्याची माफीही सोपी असते. आस्थेने होणारे नुकसान मोठे. कुंड्यांचेच पाहावे. चिठ्ठीत ‘पाणी घालणे’ एवढेच असते, किती ते नसते. किल्लीदार सदसद्विवेकबुद्धीची असल्यामुळे भरपूर घालते. खालच्या बशीत पाणी साचते, मुळांना हवा मिळेनाशी होते, ती कुजतात आणि पाने माना टाकतात. माना टाकलेले झाड तिला तहानलेले वाटते, म्हणून आणखी पाणी. या पद्धतीने भर पावसाळ्यात गेलेल्या तुळशींची संख्या उन्हाळ्यात सुकलेल्या तुळशींपेक्षा बरीच जास्त असावी. तुळस गेली की प्रश्न वनस्पतिशास्त्राचा राहत नाही. किल्लीदार गुपचूप रोपवाटिकेत जाऊन तेवढ्याच उंचीचे रोप आणून लावते, आणि गेलेली तुळस हिरव्या पानांची होती हे विसरून जांभळट पानांची कृष्णतुळस घेऊन येते. मालकीण घरात आल्यावर चपला काढायच्या आधी तिकडे पाहते.

इन्व्हर्टरचेही तसेच. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे असते. नळाच्या पाण्यातले क्षार आतल्या प्लेटा खराब करतात हे बहुतेकांना माहीत असते, म्हणून काही सुज्ञ किल्लीदार पिण्याच्या फिल्टरचे पाणी घालतात. माणसाला चालते ते बॅटरीला चालेलच, हा तर्क बॅटरीला मान्य नसतो. लोणच्याची बरणीही आस्थेचाच बळी: पावसाळ्यात खराब होऊ नये म्हणून ती उघडून ‘जरा हलवण्यात’ येते, चमचा नुकताच धुतलेला असतो, आणि वर्षभर मीठ-तेलाने ज्या बुरशीला दारात थांबवलेले असते तिला एका ओल्या चमच्याने आत घेतले जाते.

या सगळ्या प्रकारांत सर्वांत अभ्यसनीय नमुना म्हणजे बिडाचा तवा. मालकिणीच्या ओट्याखालच्या ट्रॉलीत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला हा काळा, जड तवा बहुधा सासूबाईंनी कोकणातून आणलेला असतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड. नवा तवा राखाडी आणि खरखरीत असतो, आणि पहिली काही धिरडी त्याला धरूनच बसतात. मग रोज अर्धा कांदा काट्याला टोचायचा, तेलात बुडवायचा आणि तापल्या तव्यावरून फिरवायचा. ते तेल बारीक छिद्रांत शिरते, उष्णतेने त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि कडक, काळाभोर, गुळगुळीत थर तयार होतो. असे थर वर्षानुवर्षे चढले की घावन उलथने लागायची वाट न पाहता कडेने आपणहून सुटू लागते. असा तवा घासत नाहीत. कोमट असताना फडक्याने पुसतात आणि तेलाचे बोट फिरवून ठेवून देतात.

किल्लीदाराच्या घरी नॉनस्टिक असते. ऑगस्टमध्ये ट्रॉलीला आलेली बुरशी पुसताना हा तवा तिच्या हाती लागतो. बोटांना काळे लागते. तिला मैत्रिणीची दया येते: बिचारी घाईत गेली, तवा घासायचाही राहून गेला. मग तारेची घासणी, भांड्यांची पावडर, वर चिंच. पहिल्या दिवशी दाद लागत नाही म्हणून रात्रभर पाण्यात भिजत. दुसऱ्या दिवशी मध्यभागी रुपयाएवढा राखाडी धातू उघडा पडतो आणि तिला हुरूप येतो. दुपारपर्यंत तवा, तो ओतणाऱ्याने पाहिला होता तसा, लख्ख होतो. ती त्याचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवते. न्यू जर्सीत नुकतेच उजाडलेले असते. दोन निळ्या खुणा लगेच उमटतात, ‘टाइप करीत आहे’ असे दिसते, नाहीसे होते, पुन्हा दिसते. बऱ्याच वेळाने उत्तर येते ते म्हणजे एक अंगठा.

नुकसानीची बातमी अभिमानाने कळवली जाण्याचा हा दुर्मीळ प्रकार आहे, आणि त्यात दिलगिरीची मोठी पंचाईत होते. आपण काय केले हे किल्लीदाराला तिसरीच मैत्रीण सांगते, तेही भिशीत, चारचौघींत: “अगंबाई, बिडाचा तवा घासलास?” शास्त्रीयदृष्ट्या तवा गेलेला नसतो. गंज उतरवून, कोरडा करून, तेलाचा पातळ हात देऊन तो पुन:पुन्हा तापवला की थर परत धरू लागतो आणि काही महिन्यांत धिरडीही सुटतात. मात्र तोवर तो सासूबाईंचा तवा राहिलेला नसतो.

कायद्याने या विषयाचा विचार फार पूर्वी केला आहे. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणे याला जुने शास्त्रकार निक्षेप म्हणत. मनुस्मृतीने चोरी, पूर आणि आग यांत गेलेल्या ठेवीची जबाबदारी सांभाळणाऱ्यावर टाकलेली नाही, मात्र त्याने ती स्वतः हडपलेली नसावी. याज्ञवल्क्याने राजा, दैव आणि चोर ही तीन कारणे माफ केली आहेत. सांभाळायला दिलेली वस्तू आपल्या मर्जीने वापरणाऱ्याला मात्र दंड सांगितला आहे. तारेची घासणी या तिन्हींपैकी कशातच बसत नाही.

फुकट काम करणाऱ्याचा प्रश्न पुढे लंडनमध्ये निघाला. १७०३ सालच्या कॉग्ज विरुद्ध बर्नार्ड या खटल्यात, बर्नार्डने कॉग्जची ब्रँडीची पिंपे एका तळघरातून दुसऱ्या तळघरात हलवून देण्याचे कबूल केले होते. हलवताना निष्काळजीपणे एक पिंप फुटले आणि बरीच ब्रँडी सांडली. बर्नार्डच्या बाजूने सांगण्यात आले की तो काही धंदेवाईक हमाल नाही आणि त्याला दमडीही मिळालेली नाही. मुख्य न्यायमूर्ती होल्ट यांच्या न्यायालयाने ते ऐकले नाही. काम एकदा अंगावर घेतल्यावर ते फुकट असले तरी हलगर्जीपणा खपत नाही, असा निकाल झाला. हा निकाल जगभरच्या किल्लीदारांना कुणी सांगितलेला नाही, हे मालकिणींचे नशीब. नाहीतर एकही किल्ली कुणी हातात घेतली नसती.

आपल्याकडे १८७२चा भारतीय करार अधिनियम लागू आहे. त्याच्या १५१व्या कलमाप्रमाणे सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी दुसऱ्याच्या वस्तूची घ्यावी लागते. म्हणजे लिफ्टपाशी जे सांगितले जाते तेच. अडचण एवढीच की सामान्य समजूतदार माणूस बिडाचा तवा घासतो की नाही, या मुद्द्यावर मालवणचे न्यायाधीश आणि सदाशिव पेठेतले न्यायाधीश वेगवेगळे निकाल देतील. १५४वे कलम आणखी कडक आहे: ठरल्याबाहेर वस्तू वापरली आणि त्या वापरात तिचे काही झाले, तर भरपाई सांभाळणाऱ्याकडे. या कलमाची कल्पना कुणाला नसली तरी धाक सगळ्यांना आहे. त्यामुळे मराठी किल्लीदारांच्या हातून आजवर फुटलेला प्रत्येक कप धूळ पुसतानाच फुटलेला आहे. चहा पिताना एकही नाही.

कोर्टात अर्थातच कुणी जात नाही. दिलगिरी तोंडी व्यक्त होते, आणि ती कधी करावी यावर मतभेद आहेत. फोनवर सांगून मोकळे व्हावे असे एक मत. परंतु भारत आणि अमेरिकेचा पूर्व किनारा यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे आणि कॅलिफोर्नियाशी साडेबारा तासांचे अंतर असते. इथली सकाळ म्हणजे तिथली रात्र, सगळे कुटुंब स्क्रीनसमोर, नातवाच्या हातात फोन. अशा वेळी काढलेला कपाचा विषय मुलाच्या कानावर जातो, मुलगा “आई, नवीन घे ना, ॲमेझॉनवर मिळेल” असे म्हणतो आणि आईचा खरा संताप त्याच्याकडे वळतो. हा फायदा असला तरी तो पद्धतशीर मिळवता येत नाही.

दुसरे मत परतल्यानंतरचे. विमान मुंबईत रात्री उतरते, टॅक्सी पहाटे पुण्यात शिरते, आणि ओट्यावर दूध, केळी आणि झाकलेले वरण-भात, बटाट्याची भाजी तयार असते. ही दिलगिरीची पहिली पायरी. डब्यात जर साखरभात किंवा श्रीखंड असेल तर नुकसान मोठे आहे असे जाणकार मालकीण ओळखते. पुढची पायरी तिसऱ्या दिवसाच्या आत गाठावी लागते, कारण तोवर जेट लॅगमुळे मालकिणीचे कपाटाकडे नीट लक्ष नसते. शिवाय चौथ्या दिवशी कामाच्या बाई येऊ लागतात आणि बाईंना सगळे ठाऊक असते. बाईंनी सांगितल्यावर मागितलेल्या माफीला फारशी किंमत उरत नाही.

प्रत्यक्ष भेटीत किल्लीदार सोफ्याच्या कडेवर बसते, पूर्ण टेकत नाही. सुरुवात प्रवासाने, नातवाच्या दातांनी आणि यंदाच्या पावसाने होते. मग ती पदर किंवा ओढणी सारखी करून म्हणते, “अगं, तुला एक सांगायचं होतं.” इथे थोडे थांबावे. या अवधीत मालकिणीच्या मनात फुटलेला पाइप, वाकवलेले ग्रिल, सोसायटीची नोटीस आणि बँकेतला लॉकर येऊन जातात, आणि त्यानंतर ऐकू आलेला कप अगदीच किरकोळ वाटतो. कबुलीत क्रियापद कपाचे असते. कप पडला, कप निसटला. “मी पाडला” असे म्हणणारी किल्लीदार अजून पाहण्यात नाही.

यावर मालकिणीची उत्तरेही मोजकीच असतात. “एवढंच ना! घाबरवलंस की.” “काच फुटली ना, इडापिडा टळली.” आणि सर्वांत धोक्याचे: “जाऊ दे गं, जुनाच होता तो.” या शेवटच्या वाक्याला होकार द्यायचा नसतो. “हो ना, मला वाटलंच तसं” एवढे बोलून तीस वर्षांच्या मैत्र्या थंड पडलेल्या आहेत. योग्य उत्तर म्हणजे वस्तूची स्तुती. ती कशी नाजूक होती, रंग कसा पुन्हा मिळणार नाही, हे किल्लीदाराने सांगायचे आणि त्यात काय ठेवले आहे हे मालकिणीने. हे वाढत गेले की किल्लीदाराच्या डोळ्यांत पाणी येते आणि वस्तू जिची गेली तीच उठून वस्तू घालवणारीसाठी आले घातलेला चहा टाकते. इथे विधीचा मध्य गाठला असे समजावे.

मग भरपाई. पैसे देता येत नाहीत, वस्तूच आणावी लागते. ती मूळ वस्तूपेक्षा स्वस्त असून चालत नाही, आणि महाग असली तर “एवढं काय मनाला लावून घेतलंस” असे ऐकावे लागते. स्टीलच्या भांड्यांत तर बदली वस्तू हा प्रकारच संभवत नाही. पातेल्याच्या काठावर, ठिपक्यांच्या अक्षरांत, देणाऱ्याचे नाव, वास्तुशांत की मुंज, आणि तारीख कोरलेली असते. नवे पातेले कितीही जाड बुडाचे आणले तरी ते कुणाच्याच मुंजीतले नसते. आणलेली वस्तू मालकीण दोनदा नाकारते आणि तिसऱ्यांदा ‘तुझी आठवण म्हणून’ ठेवून घेते. त्यामुळे त्या घटनेची आठवण घरात कायमची राहते.

यानंतर होते ते किल्लीदाराला सर्वांत जड जाते. मालकीण आतून एक पिशवी घेऊन येते. त्यात कॅलिफोर्नियाचे बदाम, चॉकलेटचा मोठा पुडा, हातांना लावायचे लोशन आणि बहुधा एक पर्स असते. सहा महिने घर सांभाळल्याबद्दल हे सामान तव्याच्या फोटोच्या आधीच घेऊन ठेवलेले असते, आणि तव्यावरून बदाम परत घेता येत नाहीत. दिलगिरी व्यक्त करायला आलेली बाई अशा रीतीने किलोभर सुकामेवा घेऊन लिफ्टने खाली जाते. पुढच्या वर्षीच्या चिठ्ठीत भर पडते ती एवढीच: ‘ट्रॉली पुसायची गरज नाही.’

या विषयात पुरुषांचे काम दुरुस्तीपुरते असते. किल्लीदाराचे यजमान फुटलेली वस्तू घरी आणायला लावतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि फेविक्विक किंवा एम-सील यांपैकी जे घरात असेल त्याने ती जोडतात. जोड कपाच्या मागच्या बाजूला येईल असा कप शोकेसमध्ये ठेवायचा, याला ते दुरुस्तीच म्हणतात. हा इलाज दुसऱ्या बाजूच्या यजमानांनाही अवगत असतो, आणि त्यातून या विषयातला सर्वांत कठीण पोटप्रकार तयार होतो. किल्लीदार शोकेस पुसताना बोनचायनाचा कप अगदी अलगद उचलते, तरी कान तिच्या हातात येतो. ती चार महिने झुरते, तसाच कप शोधत लक्ष्मी रोड पालथा घालते आणि शेवटी मालकिणीसमोर पुढे सरकून बसते. तिने कप कसा उचलला, कान कसा एकदम सुटला, तुकड्यावर कडेने काहीतरी पिवळट वाळलेले कसे दिसले, हे सगळे ती बारकाव्यांसह सांगते. मालकीण “जुनाच होता गं” म्हणते. खिडकीपाशी बसलेले मालक पेपर जरा आणखी वर धरतात आणि चहा आज कोण करणार आहे, असे विचारतात.